हॉस्टेलच्या गच्चीवरून कुठला तारा बघू?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स घेऊन टीवायला असलेल्या मुलीने लिहिलंय. तिने खगोलशास्त्राचा पेपर घेतलाय आणि त्यात निरीक्षणाचा एक प्रोजेक्ट आहे. तिघींचा ग्रुप, ऑक्टोबर ते जानेवारी एवढा वेळ, आणि विषय येत्या सोमवारी सरांना सांगायचाय. कॉलेजची 6 इंची दुर्बीण आहे पण तिची मोटर बंद पडलीय. एका मैत्रिणीला देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचाय. दुसरी म्हणते बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह) घेऊ, डेटा नेटवर फुकट मिळतो, आणि नाहीच जमलं तर सीनियर्सची फाइल आहेच, थोडी बदलून देऊ. हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं, घरून ताकीद आहे की रात्री-अपरात्री कुठे जायचं नाही. ती विचारते, "ताई, दुर्बीण धड नाही, रात्री बाहेर पडता येत नाही, मग असं काय घेऊ की जे बालिश वाटणार नाही?"

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "बालिश" या शब्दापाशी थांबले. तुझ्या मनात बहुतेक असं आहे की लांबची वस्तू म्हणजे मोठा प्रोजेक्ट, दीर्घिका घेतली तर भारी, बाह्यग्रह घेतला तर त्याहून भारी, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा घेतला तर सर हसतील. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते माझ्याच अनुभवातून सांगते.

मी टीवायला असताना हाच देवयानीच्या फोटोचा हट्ट धरला होता. उसना कॅमेरा, उसनी दुर्बीण, चार रात्री शेतात मुक्काम. त्यातल्या तीन रात्री दुर्बीण ताऱ्यांच्या मागे नीट फिरते की नाही हे बघण्यातच गेल्या, चौथ्या रात्री एक फोटो आला, मधे एक धुरकट अंडाकृती डाग. आम्ही खूश. व्हायवाला बाहेरून आलेल्या बाईंनी फोटो हातात घेतला, छान म्हणाल्या, आणि शांतपणे विचारलं, "यात तुम्ही मोजलं काय?" आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. काहीच मोजलं नव्हतं गं. त्या बाईंचा प्रश्न अजूनही मी दरवेळी पहिला विचारते, आणि तुलाही तोच विचारते: तुमच्या प्रोजेक्टच्या शेवटी कुठला आकडा हातात येणार आहे?

आणि लगेच दुसरा प्रश्न, जो माझ्या मते विषय निवडताना सगळ्यात जास्त कामाचा आहे. तुम्ही जे मोजणार ते बदलतं किती, आणि मोजताना तुमची चूक होते किती? बदल चुकीपेक्षा चांगला चार-पाच पट मोठा असेल तरच तो विषय घ्यायचा, नाहीतर तुम्ही चार महिने आपलीच चूक मोजत बसता.

आता हा गज तुमच्या बाह्यग्रहाला लावून बघ. सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गुरूएवढा ग्रह गेला तर ताऱ्याचा प्रकाश साधारण एक टक्क्याने कमी होतो, म्हणजे प्रतीच्या भाषेत 0.01 (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा उजळ). सरावलेल्या डोळ्याची चूक 0.1 च्या आसपास, नवख्याची 0.2. चूक बदलाच्या दहा-वीस पट! यासाठी चांगला कॅमेरा, न हलणारी आणि ताऱ्यामागे नीट फिरणारी दुर्बीण लागते, आणि तुमच्या दुर्बिणीची तर मोटरच बंद आहे. मग टेस या अवकाशातल्या दुर्बिणीचा डेटा नेटवरून घ्यायचा? घ्या ना, तोही खरा अभ्यास आहे, त्यातून शिकायलाही भरपूर मिळतं, पण मग ते निरीक्षण नाही, ते दुसऱ्याच्या निरीक्षणाचं विश्लेषण झालं आणि तुमच्या पेपरात निरीक्षण मागितलंय. सरांना सरळ विचारा चालेल का. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही. तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीने कदाचित मृगातल्या काक्षीचं (बीटलज्यूसचं) नावही काढलं असेल, 2019-20 च्या हिवाळ्यात तो ठसठशीत मंद झाला होता तेव्हापासून बरेच जण काढतात. बदल मोठा आहे खरा, पण तो महिनोन् महिने रेंगाळत होतो आणि तुमचं सेमिस्टर चार महिन्यांचं, शिवाय त्याच्या जवळपास त्याच्याशी तुलना करायला सोयीचे तारे नाहीत. तिमिंगल तारकासमूहातला मीरा तर उजळ-मंद-उजळ अशा एका फेरीला 330 दिवस घेतो. म्हणजे तिसरी अट आपोआप आलीच, फेरी सेमिस्टरमध्ये बसली पाहिजे, आणि एकदा नाही, दहा-बारा वेळा.

या तिन्ही अटींत चपखल बसणारा तारा तुमच्या गच्चीवरून दिसतो. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी. शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम उत्तरेकडे सापडला की त्याच्या पश्चिमेला, लहान मुलं काढतात तसं वाकडं घर असतं ते वृषपर्वा. घराच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे, झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा. झीटाची प्रत 3.4, एप्सिलॉनची 4.2, या दोघांचं तेज बदलत नाही. डेल्टा मात्र 3.5 ते 4.4 वर-खाली होतो, 5.37 दिवसांत एक फेरी. बदल 0.9, चूक 0.2. बसलं गणित.

एक निरीक्षण कसं होतं ते सांगते, म्हणजे तुझी रात्रीची भीती जाईल. आठ वाजता गच्चीवर जायचं, पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही, मोबाइल खिशात, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर दोन घड्या करून रबरबँडने लावलेला. मग आधी झीटाकडे बघ, मग डेल्टाकडे, मग एप्सिलॉनकडे, परत उलटं. एकटक बघत बसू नकोस, एकटक बघितलं की तांबूस तारा उजळत चालल्यासारखा भासतो. आता मनात झीटापासून एप्सिलॉनपर्यंत दहा पायऱ्यांचा जिना धर आणि स्वतःला विचार, डेल्टा कितव्या पायरीवर? समज वाटलं तिसऱ्या. दोघांतलं अंतर 0.8, त्याचे तीन दशांश 0.24, म्हणजे आजची प्रत 3.64, वहीत 3.6 लिही. तारीख, वेळ, चंद्र होता का, ढग होते का, आणि ठाम वाटलं की अंदाजाने टाकलं तेही लिही. झालं. खाली ये. वीस-पंचवीस मिनिटं, तीही हॉस्टेलच्या आत. एखाद्या रात्री डेल्टा एप्सिलॉनपेक्षाही खाली गेलेला दिसेल, तेव्हा जिना खाली दोन पायऱ्या वाढवायचा, आणि ती रात्र आली की तुझ्या अंगावर काटा येईल हे मी आत्ता सांगून ठेवते, कारण चार दिवसांपूर्वी तोच तारा झीटाच्या बरोबरीला होता हे तुझ्याच अक्षरात तुझ्याच वहीत असेल.

याची एक गंमत अशी की फेरी पूर्ण दिवसांची नाही. पहिल्या रात्री शून्यावर धरलीस तर दुसऱ्या रात्री तो फेरीच्या 0.19 वर असतो, मग 0.37, 0.56, 0.75, 0.93, आणि सातव्या रात्री 1.12, म्हणजे नव्या फेरीत 0.12 वर. रोज ठरल्या वेळी आठला बघितलंस तरी दरवेळी फेरीचा नवा तुकडा हाती येतो. पंचवीस-तीस रात्री मिळाल्या की सगळ्या निरीक्षणांना एकाच फेरीवर दुमडून टाकायचं, म्हणजे प्रत्येक नोंद फेरीच्या कितव्या भागातली ते बघून एकाच आलेखावर मांडायची, आणि कागदावर जो आकार येतो, दीड दिवसात झपकन वर आणि चार दिवस सावकाश खाली, तो कुणी शिकवायची गरज उरत नाही.

फेरीचा काळही स्वतः काढा, पुस्तकातला घेऊ नका. तुम्हाला वाटेल की सर्वात उजळ कधी होता हे आम्हाला अर्ध्या दिवसापर्यंतच कळतंय, मग काय उपयोग? अगं, ऑक्टोबरमधलं एक शिखर आणि डिसेंबरमधलं एक, मधे 11 फेऱ्या झालेल्या, तर ती अर्ध्या दिवसाची चूक अकरा फेऱ्यांत वाटली जाते आणि एका फेरीमागे तासाभराची उरते. नुसत्या डोळ्यांनी, गच्चीवरून, तासाभराच्या चुकीने एका ताऱ्याची नाडी! आणि तिथून पुढे रस्ता उघडतो. हेन्रिएटा लेविटने 1912 साली दाखवलं की अशा ताऱ्यांची फेरी जितकी लांब तितका तारा मुळात तेजस्वी. तिच्या नियमाच्या आजच्या सूत्रात तुमची फेरी घातलीत की ताऱ्याचं खरं तेज मिळतं, त्यावरून अंतर, जे 900 प्रकाशवर्षांच्या आसपास यायला हवं. 1923 मध्ये हबलला असाच एक तारा सापडला तो तुझ्या मैत्रिणीच्या त्या देवयानीत, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे त्यावरूनच ठरलं. तेव्हा तिला सांग, हा प्रोजेक्ट देवयानीपासून फार लांब नाही.

बालिशपणाबद्दलही सांगायचंय. या ताऱ्याचं बदलणं पहिल्यांदा नोंदवलं 1784 साली, इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये, जॉन गुडरिक नावाच्या मुलाने. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, तुझ्याएवढा. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या आधीच अल्गोल ताऱ्याचा काळ त्याने काढला होता आणि त्यासाठी 1783 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं, आणि एकविसाव्या वर्षी तो गेलाही. आपल्याकडे म्हणशील तर जेसोरचे (आता ते बांगलादेशात) राधागोविंद चंद्र, सरकारी खजिन्यात कारकुनी करणारा माणूस, दिवसा नोकरी आणि रात्री रूपविकारी (तेज बदलणारे) तारे, हजारो निरीक्षणं अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या संस्थेला पाठवली, इतकी की त्या लोकांनी त्यांना 6 इंची दुर्बीण वापरायला धाडली. तुमच्या कॉलेजात आहे तेवढीच. मला ही माणसं फार जवळची वाटतात कारण त्यांच्याकडे जे होतं ते रोज रात्री वापरलं.

पण थांब, सोमवारी सरांना नाव सांगायच्या आधी एक काम कर. मोकळं आकाश मिळेल त्या पहिल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून एप्सिलॉन दिसतो का बघ. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपवर त्रिकोण ओळखून घे, मग मोबाइल बंद. दिसला तर डेल्टा सेफी पक्का. समोर हायमास्टचा दिवा असेल आणि एप्सिलॉन दिसतच नसेल, तर कुणाकडून साधी बायनॉक्युलर मिळव, तिन्ही तारे तिच्यात एकदम मावतात, मात्र एकदा बायनॉक्युलर घेतली की शेवटपर्यंत तीच, आज डोळा उद्या बायनॉक्युलर असं करायचं नाही. तेही नसेल तर ययाती तारकासमूहातला अल्गोल घ्या, तो सर्वात मंद असतानाही 3.4 चा, एरवी 2.1. त्याची अडचण वेगळी आहे. तो 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद होतो आणि तेवढे दहाएक तास सोडले तर एकसारखाच दिसतो, त्यामुळे हे मंद होणं, म्हणजे त्याचं ग्रहण, तुमच्या सोयीच्या वेळी हवं. दर तीन दिवसांनी ते घड्याळात 3 तास 11 मिनिटं अलीकडे सरकतं, आज रात्री बाराला असेल तर तीन दिवसांनी पावणेनऊ, मग साडेपाच. म्हणजे तीनेक आठवड्यांत तुम्हाला एक-दोनच कामाच्या संध्याकाळी मिळणार आणि त्याच दिवशी ढग आले तर गेलं. शिवाय त्याच्या बाजूचा ऱ्हो पर्सी तुलनेला घ्यायचा मोह होतो, तो घेऊ नका, तोही स्वतः बदलतो.

आता तिघींत काम कसं वाटायचं, कारण ग्रुप मोडतात ते इथेच. "तू बघ, मी लिहिते, ती टाइप करेल" असं अजिबात करू नका. तिघींनी बघायचं, तिघींच्या तीन वह्या, आणि महिनाअखेरीपर्यंत एकमेकींच्या वह्या उघडायच्या नाहीत. एकीने "आज चार वाटतोय गं" म्हटलं की बाकी दोघींच्या डोळ्यांनाही चारच दिसतो, हे मी कितीतरी वेळा होताना पाहिलंय. नेटवरचा आलेखही आधी बघायचा नाही, तो सगळ्यात शेवटी, तुमचा तयार झाला की एएव्हीएसओचा शेजारी ठेवून ताडून बघा. तीन वह्यांतला फरक हीच तुमची चूक किती त्याची मोजणी, आणि रिपोर्टमधलं ते पान मी परीक्षक असते तर सगळ्यात आधी वाचलं असतं. जिला फोटोच हवाय तिला मोबाइल स्टँडवर लावून प्रो मोडमध्ये दहा सेकंदांचे फोटो काढू दे, रोज त्याच त्रिकोणाचे. कॉम्प्युटरवर तिन्ही ताऱ्यांचा उजेड मोजता येतो, मग डोळा आणि कॅमेरा यांची तुलना असं एक अख्खं प्रकरणच तयार होतं.

सीनियर्सच्या फाइलीबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, पण ती ओळ मला टोचली. तुलाही टोचतेय म्हणूनच लिहिलीयस ना? ती घेऊ नकोस. पकडले जाल म्हणून सांगत नाहीये, बहुतेक पकडले जाणारही नाही. पण वहीत एखादी रात्र रिकामी राहिली तर "ढग" लिहायचं असतं, आणि हे लिहायची सवय आत्ता लागली नाही तर पुढे एमएस्सीला, लॅबमध्ये, कुठेच लागत नाही. दहा रात्री ढग, चार रात्री परीक्षा, दोन रात्री कंटाळा आला म्हणून गेलो नाही, असं लिहिलेल्या रिपोर्टवर माझा विश्वास बसतो.

दिवाळीत घरी जाशील तेव्हा वही बरोबर ने. गावाकडे आकाश काळं आणि लक्ष्मीपूजनाला अमावास्या, चंद्राचा त्रास नाही. फटाक्यांचा धूर असेल त्या दोन-चार रात्री वहीत तसं नोंदव. आणि घरच्यांना गच्चीवर घेऊन जा. तू लिहिलंयस की वडिलांना कळतच नाही रात्री बघायचं काय असतं, तर त्यांना तो त्रिकोण दाखव आणि विचार कुठला तारा जास्त उजळ, त्यांचंही उत्तर लिहून घे. दोन रात्रींनी परत विचार. माझ्या अनुभवात "कशाला जायचंय" हा प्रश्न त्यानंतर कमी होतो.

हॉस्टेलच्या परवानगीसाठी रेक्टर मॅडमना तोंडी विचारू नकोस. सरांच्या सहीचं पत्र ने, त्यात स्पष्ट लिहिलेलं असू दे: तिघींची नावं, गच्चीची जागा, रात्री 8 ते 8.30, तारीख अमुक ते अमुक. अर्ध्या तासाची लेखी परवानगी द्यायला सोपी जाते. "रात्री तारे बघायला जायचंय" एवढंच म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे अख्खी रात्र येते.

ज्यांना संध्याकाळची गच्चीसुद्धा मिळत नाही अशा बऱ्याच मुली हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक दिवसाचा प्रोजेक्ट, माझा फार आवडता. मैदानात किंवा गच्चीवर मीटरभर उंचीची सरळ काठी, ओळंब्याने उभी केलेली, आपल्या जुन्या ज्योतिषांचा शंकू तो हाच. तिच्याभोवती खडूने वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना शिवतं ती वेळ आणि दुपारी बाहेर जाताना शिवतं ती वेळ, दोन्हींची सरासरी म्हणजे तुमची खरी मध्यान्ह. साताऱ्याच्या रेखांशावर ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12 वाजून 18 मिनिटांच्या सुमारास येते आणि सरकत सरकत जानेवारीच्या शेवटी 12:47 पर्यंत जाते. बदल जवळजवळ अर्ध्या तासाचा, तुमची चूक दोन-तीन मिनिटांची. सूर्य घड्याळासारखा का चालत नाही याचं उत्तर पृथ्वीच्या लंबवर्तुळात आणि कललेल्या अक्षात आहे, आणि ते स्वतःच्या खडूच्या खुणांतून शोधायला मिळतं. सौरडाग घ्यायचे असतील तर दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडूनच घ्या, दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण, आणि दुर्बीण एक मिनिटही एकटी सोडायची नाही, कुणीतरी कुतूहलाने डोळा लावतंच. ज्यांची दुर्बीण चालू आहे त्यांनी गुरूचे चंद्र घ्यावेत, गॅनिमिड सव्वासात दिवसांत आणि कॅलिस्टो पावणेसतरा दिवसांत फिरतो, दोघांचे काळ आणि अंतरं मोजली की केप्लरचा तिसरा नियम कागदावर येतो. मोटर लागत नाही त्याला.

कुठे अडलात तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून हेच काम करतेय, मुंबईचं खगोल मंडळ आहे, तिथली माणसं नवख्यांना मनापासून मदत करतात. पण विचारायला जाताना आठ-दहा रात्रींची वही घेऊन जा, मग बोलणं वेगळंच होतं.

सोमवारी सरांना विषयाचं नाव असं दे: "डेल्टा सेफी ताऱ्याचा आवर्तनकाळ आणि अंतर, तीन निरीक्षकांच्या नुसत्या डोळ्यांच्या नोंदींवरून". आणि पहिली नोंद त्याआधीच, शनिवारी किंवा रविवारी, आकाश मिळेल तेव्हा करून टाक. तारीख वेळेसकट लिही.